पोर्फियादासाठी इंजिन

इंजिन मी निवडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी माझ्या भावाला बोल लावायला नको. सोफानोर साधा माणूस आहे. दोन गोष्टींतली एक निवड म्हटलं की तो टोपी काढून डोकं खाजवतो आणि माझ्याकडे बघतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सतरा. तेव्हापासून त्याच्या घरात शेवटचा शब्द माझा. त्याचं लग्न झालं तरी त्यात फरक पडला नाही. नोल्फाने, म्हणजे माझ्या भावजयीने, त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर आज बरं झालं असतं.

पोर्फियादा ही आमची बोट. नावाचा अर्थ हट्टी. आमच्या बापाने ती आमच्याच किनाऱ्यावर बांधली, तेव्हा ती शिडावर चालायची. इंजिन नंतर आलं. बेटावरून शहरात मेंढ्या, बटाटे, सरपण न्यायचं आणि येताना पिठाची पोती, गॅसच्या टाक्या आणायच्या, हे तिचं काम. पण गेली सहा वर्षं तिचं खरं काम एकच होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार नोल्फाला डायलिसिसला नेणं आणि परत आणणं. नोल्फाच्या किडन्या पंचेचाळिशीलाच गेल्या. जायला अडीच तास, मशीनवर चार तास, यायला अडीच तास. सरकारी लाँच आमच्या बेटावर येते मंगळवारी आणि गुरुवारी, म्हणजे तिचा नोल्फाला काही उपयोग नाही. पोर्फियादा चालली तर नोल्फा रात्री आपल्या घरी झोपणार, सकाळी आपल्या कोंबड्यांना दाणे टाकणार. पोर्फियादा थांबली तर तिने शहरात कोणाच्या तरी खोलीत पडून राहायचं. तिच्यापुरतं जगणं एवढ्यावर आलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शहरातून परत येताना इंजिनाने काळा धूर टाकला, दोन आचके दिले आणि बंद पडलं. तेलाची काडी काढून बघितली तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालेलं. खाऱ्या पाण्याने पंचावन्न वर्षं आतून पोखरलेलं लोखंड शेवटी तडकलं आणि समुद्र तेलात शिरला. त्याला काही इलाज नसतो. दुसऱ्या एका बोटीने आम्हाला ओढत घरी आणलं, आणि पुढच्या सोमवारपासून नोल्फा शहरात जाऊन राहिली, चुलत बहिणीकडे. टायरच्या दुकानामागची खोली, तिला खिडकीसुद्धा नाही. दिवसभर हवा भरायच्या यंत्राची घरघर.

मी पहिल्यांदा तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून माझ्या पिशवीतली अंडी एकेक काढून बघत होती. कुठलं कुठल्या कोंबडीचं ते ओळखत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "मला इथे मरायचं नाही. बाकी मी काही मागत नाही."

"मरायची भाषा कशाला? इंजिन बसवायचंय, शवपेटी नाही," मी म्हणाले.

ती हसली. माझ्या तोंडाची तिला सवय होती.

इंजिनं दोन होती. तिसरं एक जपानी होतं, दुकानाच्या काचेमागे, पांढरंशुभ्र. ते आम्ही बघून आलो, जसे लोक दुसऱ्याच्या लग्नातला केक बघतात, आणि विषय सोडला. उरली दोन.

एक शहरात, येर्कोच्या शेडमध्ये. येर्को म्हणजे तिशी ओलांडलेला मेकॅनिक, कानात बाळी, हात काळे, बोलायला गोड. त्याच्याकडे ट्रकचं एक डिझेल इंजिन होतं, चार सिलिंडरचं, ते त्याने समुद्रासाठी तयार केलं होतं. गोड्या पाण्याने थंड होणारं, नव्या गिअरचं. आम्ही गेलो तेव्हा नोल्फाही आमच्याबरोबर आली. मशीनचा दिवस नव्हता, आणि त्या खोलीतून बाहेर पडायला तिला कुठलंही कारण चालायचं.

"हे अडीचशे किलो," येर्को सांगायला लागला. "तुमचं जुनं धूड होतं सातशेचं. मागच्या बाजूला थोडे दगड भरावे लागतील, बोट नीट बसायला. बाकी काही नाही. सोमवारी बोट ओढून माझ्या धक्क्यावर आणा, क्रेनने जुनं काढतो, हे ठेवतो, गुरुवारी चालवत घेऊन जा."

सोफानोरने टोपी काढली. माझ्याकडे बघितलं.

नोल्फा एका उलट्या ड्रमवर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "आणि ते दुसरं? ते कधी बसेल?"

"ते अजून बघायचंय," मी म्हणाले. "ते समोरच्या बेटावर आहे."

"मग हे घ्या की. गुरुवारी होतंय म्हणतोय."

"इंजिन काय कोंबडी आहे का गं, लवकर शिजेल ती घ्यायला?" मी म्हणाले. येर्कोसुद्धा हसला. नोल्फाने मान खाली घातली आणि स्कार्फ नीट केला. इंजिनाबाबत तिने तोंडाने मागितलेली ती एकच गोष्ट, आणि मी तिचा विनोद केला.

दुसरं इंजिन समोरच्या बेटावर, रेमिहिओच्या विधवेकडे. रेमिहिओची बोट कुजून गेली, पण इंजिन बाईने जपलं होतं. ताडपत्रीखाली, ग्रीस लावून. आमच्या जुन्या इंजिनाचंच भावंड: दोन सिलिंडर, संथ फिरणारं, एवढं मोठं की त्याचं चाक फिरवायला दोन माणसं लागतात. आमच्याबरोबर क्लोदोमिरो आला होता. म्हातारा बोटसुतार, आमच्या बापाच्या हाताखाली शिकलेला. त्याने आणि सोफानोरने हँडल मारलं. तीनदा नुसतं खोकलं. चौथ्यांदा धरलं, आणि तो आवाज आला. धग, धग, धग. दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस एक श्वास घेऊ शकेल असा.

मी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा तो आवाज ऐकला होता. धुक्यात बोट दिसायची नाही, आवाज यायचा, आणि आई चुलीवर पाणी ठेवायची. आता खरं सांगते. क्लोदोमिरोने पुढे जी कारणं दिली ती सगळी बरोबर होती, पण मी त्या कारणांसाठी ते इंजिन निवडलं नाही. मला बापाच्या बोटीचा आवाज परत हवा होता. लाज वाटते सांगायला.

क्लोदोमिरोची कारणं अशी. "ट्रकचं इंजिन जोरात फिरतं. ट्रकला ते चालतं, चढ संपला की त्याला दम खायला मिळतो. समुद्रात चढ संपतच नाही. आणि पोर्फियादा शिडाची पोर आहे. तिला कितीही ढकल, ती आपल्याच चालीने जाणार. फार जोर केलास तर ढुंगण पाण्यात बसवेल आणि फळ्या सोडेल. तिला वजन हवं, संथ इंजिन हवं. हे बसवलंस तर तुझा नातू चालवेल."

"पण याला वेळ लागेल," सोफानोर म्हणाला. "नोल्फा तिथे..."

"किती वेळ?" मी क्लोदोमिरोला विचारलं.

त्याने बोटं मोजली. नवीन लाकडी बैठक बनवायची. आधी चालू उधाणात बोट किनाऱ्यावर वर ओढायची, जुनं काढायचं. मग पुढच्या मोठ्या उधाणाची वाट बघायची, कारण सातशे किलोचं लोखंड घेऊन येणारी बोट आमच्या उथळ किनाऱ्याला लागायची तर पाणी पार कुंपणापर्यंत चढायला हवं. "मेच्या सुरुवातीला. पाच आठवडे धरा."

"शहरातल्या क्रेनने नाही का बसवता येणार?" सोफानोर म्हणाला.

त्यावर मी चिडले. "बापाने जिथे बोट बांधली तिथे तिचं इंजिन बसेल. मिंगा करू. आपल्याला हात लावायला माणसं नाहीत का? का आता परक्यासारखं धक्क्यावर जाऊन भाड्याची क्रेन लावायची?"

सोफानोरने टोपी घातली. झालं, ठरलं.

मिंगा आमच्याकडे अशीच होत नाही. ज्याला काम करून घ्यायचंय त्याने घरोघरी जाऊन विनवायचं. मग चाळीस-पन्नास माणसं बैल घेऊन येतात, घर हलवायचं असो की बोट. पैसे कोणी घेत नाही. पण जेवण यजमानिणीने आपल्या हाताने वाढायचं, आणि त्याच पातेल्यातलं सगळ्यांसमोर स्वतः खायचं. ती नसेल तर लोक काम करतील, बोलणार काहीच नाहीत. पुढच्या वेळी मात्र कोणाचे बैल आजारी असतील, कोणाची पाठ दुखेल. नोल्फा आजारी पडल्यापासून तसंही लोक म्हणायला लागले होते की त्या घरातली चूल विझली. मला ते झोंबायचं.

उधाण आलं शुक्रवारी आणि शनिवारी. शुक्रवार म्हणजे मशीनचा दिवस.

मी टेकडीवर चढून तिला फोन लावला, कारण तिथेच सिग्नल येतो.

"वन्सं, तुम्हीच वाढा ना या वेळी," ती म्हणाली. "शुक्रवारी माझी पाळी आहे."

"मी नणंद. माझ्या हातचं खाऊन लोक तुझ्या घरी आले असं होत नाही. नर्सबाईंना विचार की, एक दिवस इकडचा तिकडे होतो का ते."

तिने विचारलं. नर्सबाईंनी शनिवारी संध्याकाळच्या शेवटच्या पाळीत जागा केली. पण तीन-तीनदा बजावलं की बुधवार ते शनिवार म्हणजे मोठं अंतर आहे, तोपर्यंत तोंड सांभाळायचं. केळं नाही, टोमॅटो नाही, पाणी मोजून, आणि बटाटा अजिबात नाही, त्यातल्या पोटॅशियमने काळीज बंद पडतं. ती यादी नोल्फाच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं भिंतीवर होती, मी शंभरदा वाचली होती. ती बटाटे खायचीच झाले तर बारीक कापून रात्रभर पाण्यात ठेवायची, दोन पाण्यांत उकडायची, आणि मग त्या चोथ्यातलं बोटभर खायची. मी तिला चिडवायची, "बटाट्याला अंघोळ घालतेस होय?" आमच्या बेटावर माणूस जन्मतो बटाट्यावर आणि जगतो बटाट्यावर. बटाट्याने कोणी मेलं असं माझ्या बापजन्मात ऐकलं नव्हतं. कागदावर लिहिलेलं होतं ते मला शहरातल्या लोकांचं नाटक वाटायचं.

गुरुवारी सरकारी लाँचने ती आली. धक्क्यावरून घरापर्यंत चालायला तिला अर्धा तास लागला, कारण ती प्रत्येक कुंपणाशी थांबत होती. घरात शिरल्यावर आधी कोंबड्यांकडे गेली.

शुक्रवारी सगळं बेट आलं. बैलांच्या सहा जोड्या. येर्कोसुद्धा आला, शहरातून, आपल्या हलक्या प्लॅस्टिकच्या बोटीने. त्याचं इंजिन आम्ही घेतलं नव्हतं तरी आला. "क्लोदोमिरो काका लाकडाचे देव, पण शाफ्ट सरळ रेषेत लावणार कोण?" म्हणाला. चांगला पोरगा. साडेबाराला पाणी कुंपणाला टेकलं, इंजिन घेऊन बोट आली, ओंडक्यांवरून बैलांनी ते ओढलं. निलगिरीचे तीन सोट उभे करून चेन ब्लॉक टांगला होता. सोफानोर पोर्फियादाच्या पोटात उभा राहून हाताने खुणा करत होता, इंच इंच खाली. त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. तो दिवसभर वर आलाच नाही. त्याचं ताट मी खाली पाठवलं.

घरात आम्ही बायका पहाटेपासून बटाटे किसत होतो. मिल्काव म्हणजे कच्चा बटाटा किसून, पिळून, उकडलेल्यात मळून, आत डुकराची चरबी आणि कुरकुरीत तुकडे भरून केलेला जाडसर गोळा. नोल्फाच्या हातच्या मिल्कावचं नाव होतं. सहा वर्षं तिने तो दुसऱ्यांसाठी केला, स्वतः तुकडा मोडला नाही. मेंढीचा रस्सा होता, त्यातही बटाटे. तिच्यासाठी मी वेगळा भात आणि उकडलेली कोंबडी ठेवली होती. एवढी अक्कल मला होती.

तिने वाढलं. चाळीस माणसांना, पाळीपाळीने. मग तिची बसायची वेळ आली, आणि ती भाताची वाटी घेऊन बसली. क्लोदोमिरोच्या बायकोने भाताकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. मला ते सहन झालं नाही.

"नोल्फा," मी म्हणाले, "शहरात राहून तुला आपल्या चुलीचं जेवण जाईना का? एक मिल्काव खाल्ल्याने काय आभाळ कोसळतंय? उद्या जातेच आहेस मशीनवर. सगळं धुऊन निघेल."

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, रागाने नाही. परवानगी मिळाल्यासारखं बघितलं. हे मला अजून छळतं. मी तिच्या ताटात एक मिल्काव वाढला. आपल्या हाताने वाढला. तिने तो खाल्ला, बोटं चाटली, आणि दुसरा स्वतः घेतला. मग रस्स्याचं एक वाडगं. बायका हसायला लागल्या, कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. तिच्या गालांवर रंग आला होता. सहा वर्षांनी ती माणसांत बसून माणसांसारखी जेवत होती, आणि मला वाटलं, बघा, हेच औषध होतं.

शनिवारी सकाळी ती उठली, कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि पायरीवर बसून राहिली. म्हणाली पाय जड झालेत. ओठांना, बोटांना मुंग्या येतायत.

"काल दिवसभर उभी होतीस. दुसरं काय होणार?" मी म्हणाले.

दहाच्या सुमाराला येर्को हात पुसत माते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, प्यायला आला. शाफ्ट लागला होता, आता फक्त एक वाजताच्या भरतीची वाट. त्याने नोल्फाकडे बघितलं. ती चुलीजवळच्या बाकावर कलंडली होती.

"काकू, यांचा रंग मला बरा दिसत नाही," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "माझी बोट पाण्यातच आहे. मी पाऊण तासात धक्क्याला लावतो यांना."

मी खिडकीतून बघितलं. वारा होता, खाडीत पांढरे तुरे उठत होते. त्याची बोट उघडी, ना छप्पर ना काही. आणि खाली किनाऱ्यावर पोर्फियादा रंगवून उभी, तिच्या नाकावर क्लोदोमिरोने शुभ म्हणून लॉरेलची फांदी बांधलेली. पहिल्या फेरीत नोल्फाला घेऊन जायचं म्हणून सोफानोरने सकाळी दाढी केली होती.

"भिजून न्यूमोनिया व्हायचा तिला," मी म्हणाले. "आणखी तीन तासांनी आपल्या बोटीतून जाईल, ऐटीत. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप केलाय ना?"

येर्कोने खांदे उडवले. नोल्फाला कोणी विचारलं नाही. ती तिथेच होती, चार पावलांवर.

एक वाजता पाणी आलं. पोर्फियादा उठली, किंचित डुलली आणि सरळ उभी राहिली. एका बोटाचाही कल नाही. सोफानोर आणि क्लोदोमिरोने हँडल मारलं आणि दुसऱ्याच फटक्याला इंजिनाने धरलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी टोप्या उडवल्या. म्हाताऱ्या बायका रडल्या. तो आवाज त्यांच्याही लहानपणाचा होता. सोफानोरने नोल्फाला उचलून आणलं, केबिनमध्ये गादीवर ठेवलं, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि सुकाणावर गेला. क्लोदोमिरो मागे इंजिनापाशी. मी नोल्फाजवळ बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

चांगला चाललेला प्रवास होता. इंजिन एकदाही चुकलं नाही. नोल्फा थोडं बोलली. म्हणाली, तपकिरी कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली अंडी ठेवा. मग म्हणाली, वन्सं, हात हलत नाहीये. मी तो चोळला. मग म्हणाली, "फार सावकाश जातंय का हो?"

"बोट आपल्या चालीने जाते," मी म्हणाले. "पोचतोय आता."

मधल्या खाडीत, जिथून दोन्ही किनारे सारखेच लांब दिसतात, तिथे तिचा श्वास एकदा अडकला. मी वाट बघितली. पुढचा आला, लहानसा. मग आलाच नाही. मी तिचं नाव घेतलं, गालावर मारलं, छातीवर कान ठेवला. पण इंजिन माझ्या कानात, गादीत, फळ्यांत, तिच्या बरगड्यांत वाजत होतं. धग, धग, धग. तिचं काळीज चालू आहे की इंजिन, मला कळेना. ते ऐकत मी किती वेळ तशी बसले, देवाला ठाऊक.

मग कळलं. आणि तरी मी उठले नाही. दारातून सोफानोरची पाठ दिसत होती. तो शीळ घालत होता. मी सांगितलं तर तो जोर लावेल, आणि बैठक नवीन आहे, पहिले दोन दिवस जोर लावायचा नाही असं क्लोदोमिरोने बजावलं होतं. हो, मी तेव्हा इंजिनाचा विचार केला. भावजय मांडीवर गार होत होती आणि मी इंजिनाचा विचार केला. धक्का येईपर्यंत सव्वा तास मी तिचे केस नीट करत बसले.

धक्क्यावर तो तिला उचलायला आला तेव्हा त्याला कळलं. तो गादीच्या कडेवर बसला आणि तिचा बूट सुटला होता तो बांधला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कागदावर बघत विचारलं, "काल-परवा काय खाल्लं त्यांनी? बटाटा वगैरे?"

सोफानोर माझ्याकडे बघत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो दिवसभर खाली बोटीच्या पोटात होता.

"भात," मी म्हणाले. "भात आणि उकडलेली कोंबडी."

डॉक्टरने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

रविवारी आम्ही तिला घरी आणलं. पेटी केबिनमध्ये, क्लोदोमिरो इंजिनापाशी, मी सोफानोरच्या शेजारी सुकाणावर. समुद्र शांत होता. सोफानोरचे डोळे सुजलेले, पण हात स्थिर. खाडीच्या मध्यावर आल्यावर बोलायला लागला.

"ताई, इंजिन तू म्हणालीस तेच बरं निघालं. येर्कोचं घाईघाईत घेतलं असतं आणि मग असं झालं असतं, तर मी जन्मभर स्वतःला खात बसलो असतो."

मी हो म्हणाले.

"तिचं मात्र मला कौतुक वाटतं," तो म्हणाला. "सहा वर्षं. तुला आठवतं, लग्नाआधी ती एका बैठकीत पाच मिल्काव खायची? आपली आई असती तर घाबरली असती. आणि परवा सगळ्या गावाला स्वतःच्या हाताने वाढलं, आणि आपण बसली भात घेऊन. कोणाला तरी जमलं असतं का? मला जमलं नसतं."

तो माझ्याकडे वळला. मी काही बोलावं म्हणून तो थांबला होता. त्याला कोणाशी तरी तिच्याबद्दल बोलायचं होतं, आणि मीच होते. तिने शेवटच्या दिवशी काय आवडीने खाल्लं, बोटं कशी चाटली, बायकांत बसून कशी हसली, हे त्याला सांगितलं असतं तर त्याच्याजवळ तिचा तो एक दिवस राहिला असता. ते सांगायचं म्हणजे ते कोणी वाढलं तेही सांगायला लागलं असतं.

"हो रे," मी म्हणाले, "फार सांभाळलं तिने."

त्याने मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागला.